अंगातले जागले आणि पावसाळ्यातला ताप



शेतकी विभागाच्या या पानावर बेणे, लागण, खते, पाणी आणि पाचट यांविषयी आपण नेहमी बोलतो. या खेपेला विषय जरा वेगळा आहे. ऊस उभा राहतो तो माणसाच्या जिवावर. आडसाली लागण, भर पावसातली बांधबंदिस्ती, रात्रीच्या लाइटवर अनवाणी पायांनी दारे धरणे आणि पूर ओसरल्यावर आडव्या झालेल्या उसात शिरणे, ही कामे कुणाला चुकत नाहीत. ह्याच दिवसांत एखाद्या घरात एकाएकी कडक ताप येतो. पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. चार दिवस दुखणे अंगावर काढले जाते आणि पाचव्या दिवशी लघवी कमी झाली म्हणून माणसाला तालुक्याला हलवावे लागते. या तापाचे नाव लेप्टोस्पायरोसिस. लोक नुसते 'लेप्टो' म्हणतात.

माझे मूळ गाव पालघर तालुक्यातले माकुणसार. केळवे, सफाळे हा सगळा भाताचा टापू. तिकडची कितीतरी माणसे बोईसर-तारापूरच्या वसाहतीत पाळीला जातात आणि उरल्या वेळात गुडघाभर चिखलात लावणी करतात. पावसाळा लागला की मलेरिया-डेंग्यूच्या जोडीने 'लेप्टो' हा शब्द तिकडे कानावर येतोच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबई बुडाली. त्यानंतर मुंबईत या तापाची मोठी साथ आली, आणि तेव्हापासून हे नाव कोकणपट्टीत घरोघर पोचले. घाटावर मात्र अजून पुष्कळांना वाटते की हा कोकणातला रोग, आपला नव्हे. ही समजूत खरी नाही. या तापाचा उसाशी फार जुना संबंध आहे. तो पुढे सांगतो.

एका गटसभेत एका सभासदाने विचारले, "साहेब, एकाच चारीत चौघे उतरलो. एकाला ताप आला, तिघांना काही नाही. आणि ज्याला आला त्याच्या अंगाला आठ-दहा दिवस पत्ताच लागला नाही, हे कसं?" प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर समजायचे तर अंगात जिवाणू शिरला हे शरीराला कळते कसे, ते आधी पाहिले पाहिजे. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत शास्त्रज्ञांनी याचा बराच उलगडा केला आहे.

सूज आणि ताप म्हणजे हाकाटी

पायात बाभळीचा काटा मोडला की दुसऱ्या दिवशी ती जागा लाल होते, सुजते, गरम लागते आणि ठणकते. लाली, सूज, ऊब आणि ठणका ही चार लक्षणे सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहेत. गाईला दगडी झाली की कासेला हीच चार लक्षणे दिसतात. आपल्याला वाटते, हे सगळे जिवाणूने केले. तसे नाही. यातला मोठा भाग आपलेच शरीर करते.

काटा टोचला तेथे रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून जागा लाल आणि गरम होते. वाहिन्यांच्या भिंती थोड्या सैल होतात, त्यातून पाणी आणि पांढऱ्या पेशी बाहेर येतात, म्हणून सूज येते. या पांढऱ्या पेशी जिवाणूंना गिळतात. मेचनिकोव्ह नावाच्या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ साली इटलीतील मेसिना गावी समुद्रातल्या तारामाशाच्या पारदर्शक अळीला काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिले. काट्याभोवती पेशींनी गराडा घातलेला होता. या कामाबद्दल त्याला १९०८ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

म्हणजे शिपाई आहेत हे शंभर वर्षांपूर्वीच कळले होते. पण शिपायाला कोण कळवतो? हा जिवाणू परका आहे आणि ही पेशी आपली आहे, हे तो ओळखतो कशावरून? हा प्रश्न मात्र फार वर्षे तसाच राहिला.

जागल्या ओळखतो कशावरून

आपल्या जुन्या गावगाड्यात जागल्या असे. रात्री शिवारात फिरणाऱ्या प्रत्येक चोराचे नाव-गाव त्याला ठाऊक नसे. पण आडवाटेने येणारी चाहूल, अंधारातली हालचाल, कुत्र्यांचे भुंकणे एवढ्या खुणा त्याला पुरत. खूण पटली की तो हाक देई आणि गाव उठे.

अमेरिकेतील येल विद्यापीठाचे चार्ल्स जेनवे यांनी १९८९ साली असाच तर्क मांडला. जिवाणू लाखो प्रकारचे असले तरी काही गोष्टी त्यांच्या अंगावर असतातच. त्यांच्या भिंतीचे घटक ठरलेले असतात आणि ते आपल्या शरीरात कुठेच नसतात. तेव्हा आपल्या पेशींवर या मोजक्या खुणा ओळखणारी जन्मजात प्रथिने असली पाहिजेत, असे ते म्हणाले. त्या प्रथिनांना रिसेप्टर म्हणतात. आपण त्यांना जागले म्हणू.

देवीची किंवा धनुर्वाताची लस टोचल्यावर जी प्रतिकारशक्ती येते ती वेगळी. ती एकेका रोगजंतूची ओळख शिकते आणि तिला तयार व्हायला काही दिवस लागतात. हे जागले मात्र जन्मापासून कामावर असतात. त्यांना शिकवावे लागत नाही, आणि त्यांचे काम काही मिनिटांत सुरू होते.

यांतले काही ओळखीचे करून घेऊ. पुष्कळ जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात साखर आणि चरबी यांची जोडणी असलेला एक पदार्थ असतो. त्याला एलपीएस म्हणतात. तो ओळखणारा जागल्या म्हणजे टीएलआर-४. जिवाणूच्या आवरणातली चरबी जोडलेली प्रथिने ओळखतो तो टीएलआर-२. पोहण्यासाठी जिवाणूला जे शेपूट असते त्याचे प्रथिन ओळखतो तो टीएलआर-५. हे तिघे पेशीच्या बाहेरच्या कुंपणावर उभे असतात. टीएलआर-९ पेशीच्या आत बसतो आणि गिळलेल्या जिवाणूचा डीएनए ओळखतो. पेशीच्या अगदी आत नॉड-१ आणि नॉड-२ हे दोघे जिवाणूच्या भिंतीचे तुकडे हुडकतात.

यातला टीएलआर-४ किती तिखट आहे पाहा. निरोगी स्वयंसेवकांवर झालेल्या चाचण्यांत शरीराच्या दर किलो वजनामागे दोन ते चार नॅनोग्रॅम शुद्ध एलपीएस शिरेतून दिले की ताप येतो, असे दिसले आहे. साठ किलोच्या माणसाला हे प्रमाण आपल्या एम-३० साखरेच्या एका दाण्याच्या हजाराव्या भागाहूनही कमी पडते. येथे जिवंत जिवाणू एकही नसतो, नुसते त्याचे कातडे असते. तरीही थंडी वाजून ताप भरतो. म्हणूनच सलाइन आणि इंजेक्शनची औषधे बाजारात येण्याआधी त्यांत एलपीएस नाही ना, हे तपासावे लागते.

चिलट, भात आणि उंदीर

जेनवे यांचा तर्क सिद्ध झाला तो तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून, आणि शेतकऱ्याला तीनही ओळखीची आहेत.

पहिले ठिकाण चिलट. रसवंतीच्या चिपाडांवर घोंगावते ती बारीक माशी. तिच्या शरीरात 'टोल' नावाचे प्रथिन असते. फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ज्यूल हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवले की टोल बिघडलेल्या माश्या बुरशीने भराभर मरतात. टीएलआर या नावातला 'टी' त्या टोलचाच.

दुसरे ठिकाण भात. भाताला कडा करपा येतो तो एका जिवाणूमुळे. आफ्रिकेतील एका रानभातात या रोगाला दाद न देण्याचा गुण होता. अमेरिकेत पामेला रोनाल्ड यांच्या गटाने १९९५ साली त्यामागचा जनुक शोधला. त्याचे नाव एक्सए-२१. तो जनुक म्हणजे पानाच्या पेशीवरचा जागल्याच निघाला, आणि त्याची घडण माशीच्या टोलशी मिळतीजुळती होती. हाच जनुक दोन इतर जनुकांसह घेऊन हैदराबादच्या संस्थांनी सुधारित सांबा महसुरी हे भाताचे वाण तयार केले. पिकांना रक्त नाही, फिरते शिपाई नाहीत, पण जागले आहेत.

तिसरे ठिकाण प्रयोगशाळेतला उंदीर. उंदरांची एक जात अशी होती की तिला कितीही एलपीएस टोचले तरी काही होत नसे. पण त्याच उंदरांना खरा जिवाणू लागला की ते पटकन मरत. अमेरिकेतील ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने १९९८ साली कारण शोधले. त्या उंदरांचा टीएलआर-४ एका बारीक चुकीमुळे निकामी होता. येथे एक मोठी गोष्ट कळली. जागल्या झोपला तर गोंगाट होत नाही, पण गाव लुटले जाते. हॉफमन आणि बॉयटलर यांना २०११ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी त्यातला अर्धा वाटा राल्फ स्टाइनमन यांना दुसऱ्या एका प्रकारच्या संरक्षक पेशीच्या शोधाबद्दल देण्यात आला.

दवंडी कशी पिटली जाते

जागल्याला खूण पटली की पुढे काय होते? जागल्या पेशीच्या पडद्यात उभा असतो. त्याचे एक टोक बाहेर आणि एक आत. बाहेर एलपीएस चिकटले की दोन जागले एकमेकांजवळ येतात आणि आतल्या टोकाला काही प्रथिने येऊन जुळतात. एक प्रथिन दुसऱ्याला, दुसरे तिसऱ्याला जागे करते. गव्हाणीला ऊस पडला की एकामागून एक रोलर फिरू लागतात, तसा हा क्रम चालतो.

या साखळीच्या शेवटी एक महत्त्वाचा निरोप्या आहे. त्याचे नाव एनएफ-कप्पा-बी. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी तो १९८६ साली शोधला. एरवी हा निरोप्या पेशीत दाव्याला बांधलेला असतो. दावे म्हणजेसुद्धा एक प्रथिनच. खबर आली की हे दावे तोडले जाते. निरोप्या सुटतो, पेशीच्या केंद्रकात जातो आणि तेथले ठरावीक जनुक चालू करतो. जिवाणूची खूण पटल्यापासून अर्ध्या तासाच्या आत एवढे घडते.

मग पेशी काही रसायने बनवून बाहेर सोडते. टीएनएफ, आयएल-१, आयएल-६ अशी त्यांची नावे. ही झाली दवंडी. ती जवळपासच्या रक्तवाहिन्यांना सैल करते आणि शिपायांना बोलावते. रक्तातून मेंदूत पोचली की मेंदू अंगाची उष्णता वाढवतो, तोच ताप. यकृतात पोचली की यकृत सीआरपी नावाचे प्रथिन बनवू लागते. डॉक्टर रक्ताची 'सीआरपी' करायला सांगतात ती याचसाठी. दवंडी किती जोरात चालली आहे, हे त्या आकड्यावरून त्यांना समजते.

या व्यवस्थेत एक शहाणपण आहे. एनएफ-कप्पा-बी जे जनुक चालू करतो त्यांत त्याला बांधणाऱ्या दाव्याचाही जनुक असतो. म्हणजे सुटलेला निरोप्या स्वतःच नवे दावे वळायला सांगतो. जिवाणू संपले की दवंडी आपोआप थांबते, सूज उतरते. बांधावरची शेकोटी उपयोगाची, पण तीच वाऱ्याने फडात शिरली की सारा ऊस जळतो. जिवाणू रक्तात सगळीकडे पसरले आणि सगळ्या अंगात एकाच वेळी दवंडी सुरू झाली, तर सगळ्याच रक्तवाहिन्या सैल होतात, रक्तदाब पडतो, मूत्रपिंड आणि फुप्फुस निकामी होऊ लागतात. याला सेप्सिस म्हणतात. तेव्हा जागले हवेत, पण हाक वेळेवर आणि जागच्या जागी हवी. उशिरा आलेली हाक घातक ठरते.

लेप्टो जागल्यांना कसा चुकवतो

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. लेप्टोचा जिवाणू स्प्रिंगसारखा वळलेला आणि फार बारीक असतो. तो उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात राहतो आणि त्यांच्या मुतातून चारीत, चिखलात, डबक्यात येतो. कुत्री, डुकरे आणि गाई-म्हशींच्या मुतातूनही तो येऊ शकतो. उसाच्या पाल्याने पडलेले चरे, विळ्याची जखम, चिखल्यांनी भेगाळलेली बोटे यांतून तो अंगात शिरतो. डोळे, नाक, तोंड यांवाटेही शिरतो. तेथून थेट रक्तात जातो.

याच्याही आवरणात एलपीएस असते. मग टीएलआर-४ ने ओरडायला हवे. पण २००१ साली संशोधकांनी दाखवले की माणसाचा टीएलआर-४ या जिवाणूच्या एलपीएसला ओळखतच नाही. कारण पुढे कळले. नेहमीच्या जिवाणूच्या एलपीएसच्या बुडाशी दोन फॉस्फेट असतात, आणि तीच टीएलआर-४ ची खूण. लेप्टोच्या एलपीएसमध्ये त्यातला एक फॉस्फेट नाहीच, आणि दुसऱ्यावर मिथाइलचे झाकण आहे. चोराने वेषच बदलला म्हणायचे.

शेपटाचेही तेच. इतर जिवाणूंचे शेपूट बाहेर लोंबते आणि टीएलआर-५ ला सापडते. लेप्टोचे शेपूट त्याच्या आवरणाच्या आत गुंडाळलेले असते. त्यामुळे तोही जागल्या चुकतो. पेशीतल्या नॉड जागल्यांनाही तो बहुतांशी हुलकावणी देतो, असे अलीकडच्या प्रयोगांत दिसले आहे.

सगळे जागले मात्र फसत नाहीत. माणसाचा टीएलआर-२ याला ओळखतो, म्हणूनच ताप येतो. पण सर्वांत तिखट कानाचा जागल्या गप्प राहिल्याने जिवाणूला रक्तात वाढायला अवधी मिळतो. लागण झाल्यापासून ताप येईपर्यंत बहुधा पाच ते चौदा दिवस जातात. तोवर जिवाणू मूत्रपिंड, यकृत आणि फुप्फुसापर्यंत पोचलेला असतो. मग हाक उठते ती सगळीकडून. काहींना कावीळ होते, लघवी बंद होते, खोकल्यातून रक्त पडते.

गंमत अशी की प्रयोगशाळेतील उंदराचा टीएलआर-४ हेच एलपीएस ओळखतो. ज्या उंदरांचा टीएलआर-४ निकामी आहे ते मात्र या तापाने मरतात. म्हणजे उंदीर आणि हा जिवाणू यांचे जमते, त्यात या जागल्याचा हात आहे. उंदीर आजारी न पडता वर्षभर जिवाणू सांडत हिंडतो, आणि भोगतो माणूस.

एका चारीतल्या चौघांपैकी एकालाच ताप का, याचे उत्तरही आता सांगता येईल. कुणाच्या पायाला जखम होती आणि कुणाच्या नव्हती, कुणाच्या अंगात किती जिवाणू गेले, कुणाला पूर्वी त्याच पोटजातीची लागण होऊन गेली होती, यावर ते ठरते. या जिवाणूच्या पोटजाती दोनशेच्या वर आहेत. म्हणून 'मला एकदा होऊन गेला, आता नाही होणार' असे कोणी समजू नये.

उसाशी जुने नाते

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड राज्यात इंगहॅम गावाभोवती उसाचा मोठा पट्टा आहे. १९३३-३४ च्या सुमारास तेथील तोडणी मजुरांत कावीळ आणि ताप असा आजार पसरला. तपासणीत तो वाइल्सचा रोग, म्हणजे लेप्टोचाच तीव्र प्रकार निघाला. तोड हाताने होई, फडात उंदीर माजलेले, आणि मजुरांचे हातपाय पाल्याने चरचर कापलेले. ऊस आधी जाळून मग तोडू द्या, म्हणजे उंदीर पळतील, अशी मागणी घेऊन मजुरांनी १९३४-३५ मध्ये संप केले. १९३५ चा संप उत्तर क्वीन्सलँडच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. पेटवून तोड करण्याची रीत तिकडे रुजली त्यामागे हेही एक कारण होते.

आपण तो मार्ग धरायचा नाही. जळीत उसाचे वजन घटते, उतारा पडतो, कपात बसते, आणि जमिनीचे अन्न असलेले पाचट राख होते. उंदराचा बंदोबस्त वेगळा करता येतो. पण त्या मजुरांनी ओळखलेली गोष्ट खरी होती. फडातला उंदीर हा नुसता कांड्या कुरतडणारा चोर नव्हे. तो माणसाच्या जिवावर उठतो.

आपण काय करायचे

१. चिखलात किंवा साचलेल्या पाण्यात काम केल्यावर पंधरा दिवस ते महिन्याच्या आत ताप आला, तर तो अंगावर काढू नये. एकाएकी ताप, जोराचे डोके दुखणे, पोटऱ्या दाबल्या तरी सहन न होणे, पू नसताना डोळे लाल होणे, ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. डॉक्टरांना 'मी पाण्यात काम करतो' हे आपण होऊन सांगावे. ते एक वाक्य पुष्कळदा रोगाचे निदान सोपे करते.

२. पहिल्या आठवड्यात रक्ततपासणी 'निगेटिव्ह' आली म्हणून निश्चिंत होऊ नये. बहुतेक ठिकाणी होणारी तपासणी शरीराने बनवलेल्या प्रतिद्रव्यांची असते, आणि ती तयार व्हायला पाच-सात दिवस लागतात. म्हणून डॉक्टर अहवालाची वाट न पाहता डॉक्सिसायक्लिन किंवा पेनिसिलिन गटातले औषध सुरू करतात. ते बरोबरच आहे. औषध जितके लवकर, तितका धोका कमी.

३. औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही तासांत एकदम थंडी वाजून ताप वाढू शकतो. आता याचे कारण तुमच्या ध्यानात येईल. जिवाणू फुटतात, त्यांचे तुकडे एकदम रक्तात येतात आणि जागले ओरडतात. डॉक्टरांना कळवावे, पण 'औषध बाधलं' म्हणून मनाने बंद करू नये.

४. दुकानातून चार रंगांच्या गोळ्यांची पुडी घेऊन फडावर परत जाण्याची सवय सोडावी. तापाची गोळी ताप उतरवते, जिवाणू तसाच राहतो. अशा पुडीत स्टेरॉइड असेल तर ते दवंडीच बंद करते. माणसाला बरे वाटते आणि आत जिवाणू वाढत राहतो. दुखण्यावरच्या काही गोळ्या मूत्रपिंडावर ताण आणतात, आणि या तापात नेमके तेच जपायचे असते.

५. पायात गमबूट घालावेत. चिखलात ते रुततात, ही तक्रार मी स्वतः भातखाचरात अनुभवली आहे. ती खोटी नाही. पण दारे धरताना, चारी साफ करताना आणि गोठ्यात ते सहज चालतात. जेथे चालत नाहीत तेथे निदान जखम पट्टीने झाकावी. कामावरून आल्यावर साबणाने हातपाय धुऊन कोरडे करावेत, चिखल्यांवर इलाज करावा. चारीचे पाणी पिऊ नये, त्याने चूळही भरू नये.

६. पुराच्या पाण्यात दिवसचे दिवस राहावे लागले, तर आरोग्य केंद्रात प्रतिबंधक गोळीबाबत विचारावे. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीकडे उसाचे फड पाण्याखाली गेले, ते आपण पाहिले आहे. गोळी कुणाला द्यायची, कुणाला नाही, हे डॉक्टर ठरवतील. गरोदर बाई आणि लहान मुले यांच्या बाबतीत तर विचारल्याशिवाय काहीच करू नये.

७. उंदीर-घुशींचा बंदोबस्त एकट्याने करून भागत नाही. तुम्ही मारले तर शेजारच्या फडातले येतात. बांध स्वच्छ ठेवणे, बिळे बुजवून कोणती पुन्हा उकरली जातात ते पाहणे आणि सगळ्या शिवाराने एकाच आठवड्यात आमिष मांडणे, असा क्रम असावा. झिंक फॉस्फाइडवर उतारा नाही. म्हणून ते मुले, कोंबड्या आणि जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे, उघड्या हाताने कालवू नये, आणि मेलेले उंदीर पुरावेत. गट कार्यालयात किंवा आपल्या चिटबॉयकडे सांगितल्यास शेतकी विभागाचा माणूस येऊन दाखवील.

८. हंगामात आपल्या फडावर येणारी तोडणीची माणसे उघड्यावर, कोपीत राहतात. त्यांना पिण्याचे पाणी कुठले मिळते, त्यांच्या कुणाला ताप आहे का, याची विचारपूस फडमालकाने करावी. त्यांच्यात कुणाला ताप भरला तर 'उद्या बघू' म्हणू नये, गाडी काढावी.

बंधू-भगिनींनो, रोगाला घाबरवण्यासाठी हे लिहिलेले नाही. आपल्या अंगात जागलीची फार जुनी आणि चोख व्यवस्था आहे. शंभरांतल्या नव्व्याण्णव जखमा आपल्याला कळायच्या आत ती निस्तरते. पण लेप्टोच्या बाबतीत तिचा सर्वांत चांगला जागल्या गप्प बसतो. त्याच्या वाट्याची जाग आपण ठेवायची. पावसाळ्यात ताप आला की पहिल्याच दिवशी दवाखाना, एवढे जरी घरोघर ठरले, तरी पुष्कळ काम झाले.



आपला,
ऊस विकास अधिकारी